बाल साक्षीदाराचा उलटतपास: मर्यादा वकिलाने स्वतः पाळावी की न्यायाधीशांनी घालून द्यावी?

कृष्णाकाठ (सातारा):

पोक्सो, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या खटल्यांत साक्ष देणाऱ्या मुलांसोबत सहाय्यक व्यक्ती म्हणून न्यायालयात जाण्याचे काम मी करते. पोक्सोच्या २०२० च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती अशी व्यक्ती नेमते आणि तिने तपासात व खटल्यात मुलाच्या सोबत राहायचे असते. हे काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे. त्यावर विशेषतः वकील मंडळींचे म्हणणे ऐकायचे आहे, म्हणून हा धागा काढत आहे. मत असे, की अत्याचार सोसलेल्या मुलाचा उलटतपास घेताना कुठे थांबायचे हे आरोपीच्या वकिलाने स्वतः ठरवले पाहिजे. न्यायाधीशांनी अडवण्याची वाट पाहू नये.

कायद्यात याची तरतूद नाही असे नाही. पोक्सो कायद्याच्या (२०१२) कलम ३३ नुसार सरकारी वकील असोत की आरोपीचे वकील, त्यांनी आपला प्रश्न विशेष न्यायालयाला सांगायचा आणि मुलाला तो न्यायालयाने विचारायचा. आक्रमक प्रश्न आणि मुलाचे चारित्र्यहनन होऊ न देण्याची जबाबदारी त्याच कलमाने न्यायालयावर टाकली आहे. मुलाला अधूनमधून विश्रांती द्यावी, पुन्हा पुन्हा साक्षीला बोलावू नये, विश्वासाचे माणूस जवळ असू द्यावे, हेही तिथेच लिहिले आहे. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेस पडू नये, मात्र आरोपीला साक्ष ऐकू यावी आणि आपल्या वकिलाशी बोलता यावे, असे कलम ३६ सांगते. त्याही आधी, २००४ साली, सर्वोच्च न्यायालयाने ‘साक्षी’ या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना पडदा लावण्याचे आणि उलटतपासाचे प्रश्न लेखी स्वरूपात न्यायाधीशांकडे देण्याचे निर्देश दिले होते.

प्रत्यक्षात मात्र मी पाहिलेल्या साक्षींत वकील बहुतेक वेळा थेट मुलालाच विचारतात, कारण न्यायाधीश त्या क्षणी आधीचे उत्तर लघुलेखकाला सांगत असतात. मुलगी तिसरीत शिकणारी. तिला प्रश्न येतो, “त्या दिवशी तू आत्याकडे गेली नव्हतीस आणि आईने सांगितले म्हणून तू पोलिसांना तसे सांगितलेस, हे म्हणणे खरे नाही काय?” एका वाक्यात तीन गोष्टी आणि दोन नकार. मुलगी खाली बघून “हो” म्हणते. हा होकार नेमका कशाला? आत्याकडे न जाण्याला, आईने शिकवण्याला, की ‘खरे नाही’ याला? कागदावर मात्र उतरते, “हे म्हणणे खरे आहे की, आईने सांगितल्यावरून मी पोलिसांना तसे सांगितले.” मोठ्या माणसाने आवाज चढवला की मान डोलवायची, हे आपल्याकडे मुलांच्या अंगवळणी पडलेले असते. अशा होकाराने मुलाचे म्हणणे तपासले गेले, असे मी मानत नाही.

दुसरे असे, की प्रश्न एकदा तोंडातून गेला की न्यायाधीशांनी तो नामंजूर केला तरी मुलाने तो ऐकलेला असतो. “मग तू ओरडली का नाहीस?” हा प्रश्न अभिलेखावर आला नाही म्हणून मुलाच्या मनातून पुसला जात नाही. न्यायाधीश प्रश्न नोंदवायचा की नाही एवढेच ठरवू शकतात; तो उच्चारायचा की नाही हे फक्त वकिलाच्या हातात असते.

प्रीतिसंगम (कराड):

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे आणि तुम्ही दिलेला प्रश्नाचा नमुना वाईट आहे, हे मी आधीच मान्य करतो. मी फौजदारी वकिली करतो आणि पोक्सोच्या आरोपींची वकीलपत्रे घेतो. तरीही तुमची मूळ मागणी मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आरोपीच्या पिंजऱ्यात उभा असलेला माणूस आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर सोळा वर्षांखालील मुलावरील प्रवेशी लैंगिक हल्ल्याला किमान २० वर्षे कारावास आहे आणि गुन्हा तीव्र स्वरूपाचा ठरला तर शिक्षा मृत्युदंडापर्यंत जाते. कलम २९ नुसार न्यायालय आरोपीने गुन्हा केला असे गृहीत धरते आणि ते खोडण्याचे ओझे आरोपीवर येते. केवळ मुलाच्या एकट्या साक्षीवर, ती विश्वासार्ह वाटली तर, शिक्षा होऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितले आहे; त्याच निकालात अशी साक्ष शिकवलेली नाही ना, हे काळजीपूर्वक पाहावे असेही म्हटले आहे. ते पाहायचे कसे? उलटतपासाखेरीज दुसरे साधन आरोपीकडे नसते. बांधावरून दोन पिढ्या भांडत आलेल्या भावकीत, जिथे दिवाणी दावा आधीच चालू आहे, तिथे मुलाच्या तोंडून फिर्याद आली तर मी त्या दाव्याबद्दल आणि घरातल्या बोलण्याबद्दल मुलाला विचारणारच. न विचारणे ही माझ्या अशिलाशी प्रतारणा होईल. बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांच्या नियामक संस्थेचे, नियम अशिलाचे हित निर्भयपणे जपायला सांगतात, आणि अमुक आरोपीचे वकीलपत्र घ्यायचे नाही असे वकील संघटनांचे ठराव बेकायदा आहेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिला, तो याच तत्त्वावर.

आणखी एक अडचण बाहेरच्या माणसाला दिसत नाही. “तू खोटे सांगतेस” हे बचावाचे म्हणणे मुलाला सुचवले, म्हणजे प्रश्न म्हणून त्याच्यापुढे ठेवलेच नाही, तर युक्तिवादाच्या वेळी सरकारी वकील उठून म्हणतात की या मुद्द्यावर साक्षीदाराला आव्हानच दिलेले नाही, म्हणजे तो मुद्दा बचाव पक्षाला मान्य आहे. पोलिसांपुढच्या जबाबातली विसंगती वापरायची असेल तर तो भाग साक्षीदाराच्या निदर्शनास आणावाच लागतो, हा पुरावा कायद्याचा नियम आहे. मी आपणहून गप्प राहिलो तर त्याची किंमत माझा अशील वीस वर्षे तुरुंगात मोजेल. मर्यादा घालायची तर ती न्यायाधीशांनी आदेशाने घालावी, म्हणजे निदान अपिलात मला दाखवता येईल की मला अमुक प्रश्न विचारू दिला नाही.

माणदेशी (आटपाडी):

दोघांच्याही बोलण्यात एक बाजू सुटली आहे. आमच्या नात्यात असा खटला होऊन गेला. मुलगी सतरा वर्षांची, मुलगा विशीतला, दोघे एकमेकांच्या ओळखीने पळून गेलेले, आणि फिर्याद मुलीच्या वडिलांनी दिलेली. साक्षीच्या दिवशी मुलीने मुलाविरुद्ध बोलायला नकार दिला. तिला फितूर, म्हणजे बोलावणाऱ्या पक्षाच्या विरुद्ध गेलेली साक्षीदार, घोषित करण्यात आले आणि मग उलटतपास सुरू केला तो सरकारी वकिलांनी. ती कुठे राहिली, कोणत्या खोलीत राहिली, किती वेळा, असे प्रश्न ज्या आवाजात विचारले गेले, ते ऐकताना तिची आई बाहेर निघून गेली. त्या दिवशी आरोपीच्या वकिलांनी चार-पाच साध्या प्रश्नांत आपले काम संपवले.

कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे. तेव्हा ती मुलगीही बालकच होती. कलम ३३ मध्ये सरकारी वकिलांचाही स्पष्ट उल्लेख आहे, हे वर आलेच आहे. म्हणून ‘आरोपीच्या वकिलाने कसे वागावे’ एवढाच प्रश्न विचारणे मला अपुरे वाटते.

विजयनगर (सांगली):

न्यायालयीन कर्मचारी म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो आहे. कराडच्या वकीलसाहेबांशी निम्मा सहमत आहे. वकिलाच्या सद्सद्विवेकावर ही गोष्ट सोडता येणार नाही, कारण सर्वांचा विवेक सारखा नसतो आणि मुलाच्या वाट्याला कोणता वकील येईल हे मुलाला निवडता येत नाही. परंतु ‘न्यायाधीशांनी अडवावे’ हे उत्तरही अर्धवट आहे. बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या कामाच्या यादीत, सकाळपासून प्रकरणे लावलेली असतात, जामीन अर्ज असतात, आणि साक्षही बहुधा त्यांनाच टंकलेखनासाठी सांगावी लागते. त्यात त्यांनी प्रत्येक प्रश्न ऐकून, सोपा करून, मुलाला स्वतः विचारायचा म्हटले तर एका साक्षीला अख्खा दिवस द्यावा लागेल. तो द्यायलाच हवा, पण आजच्या बोर्डात तो निघत नाही.

माझ्या मते मुलाला खरा त्रास प्रश्नांच्याही आधी होतो. अकराच्या पुकाऱ्यासाठी गावाहून पहाटेच्या एसटीने आलेले मूल दुपारपर्यंत व्हरांड्यात बसते आणि समोरच्या बाकावर आरोपीचे नातेवाईक बसलेले असतात. मग बचाव पक्षाचा मुदत अर्ज येतो, ‘ज्येष्ठ वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतले आहेत’. पुढची तारीख पडते. न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून ३० दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो वर्षात खटला संपवावा, असे कलम ३५ म्हणते. त्या कलमाचे अशा अर्जांपुढे काय उरते, हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. मुलगा सातवीत असताना घडलेली गोष्ट त्याला दहावीत विचारली जाते आणि तारखा-वार चुकले म्हणून तो खोटा ठरतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांसारख्या असुरक्षित साक्षीदारांसाठी स्वतंत्र साक्ष केंद्रे उभारण्याचे आदेश दिले, तेही महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात. तिथे वेगळी प्रतीक्षा खोली आणि वेगळी वाट अपेक्षित आहे. वकीलसाहेब, बाल साक्षीदार हजर असताना मुदत मागायची नाही, एवढा नियम तरी बारने (वकील संघटनेने) स्वतःहून करायला काय हरकत आहे?

कृष्णाकाठ (सातारा):

माणदेशींचा मुद्दा मी पूर्णपणे स्वीकारते. सरकारी वकिलांनाही हेच लागू व्हावे.

वकीलसाहेब, तुमची सुचवण्याची अडचण खरी आहे. पण ती न्यायालयाच्या परवानगीने सुटू शकते. इंग्लंडमध्ये बाल साक्षीदाराच्या उलटतपासाआधी न्यायाधीश दोन्ही वकिलांना बसवून प्रश्नांचे नियम ठरवतात, आणि मुलाला ‘तू खोटे बोलतोस’ असे सुचवले नाही म्हणून तो मुद्दा बचाव पक्षाला मान्य आहे असे धरले जात नाही. आपल्याकडे साक्षीआधी तुम्ही एक अर्ज द्यावा: आरोपीला अमुक गोष्टी नाकबूल आहेत, त्या मुलाला सुचवण्याऐवजी आम्ही आईला आणि तपास अधिकाऱ्यांना सुचवू, मुलाला न विचारल्याचा अर्थ आमच्याविरुद्ध काढू नये. मग मुलाला आखूड प्रश्न विचारता येतील. “त्या दिवशी शाळा होती का?” “आत्याच्या घरी कोण कोण होते?” “पोलिसांकडे जाण्याआधी तू हे कोणाला सांगितलेस?” बांधाच्या भांडणाबद्दलही विचारा; “घरात काकांबद्दल काय बोलतात?” असे विचारले तर आठ वर्षांचे मूलही सगळे सांगून टाकते. तारीख विचारू नका, जत्रेच्या आधी की नंतर ते विचारा. शिकवलेली साक्ष अशा प्रश्नांनी अधिक लवकर उघडी पडते, कारण पाठ करून घेतलेल्या मुलाकडे आजूबाजूचे तपशील नसतात. तुमच्या अशिलाचे यात काय नुकसान आहे, हे मला खरोखर समजून घ्यायचे आहे.

प्रीतिसंगम (कराड):

आखूड प्रश्नांना माझी हरकत नाही. एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी, हे मी माझ्या ज्युनिअरनाही सांगतो आणि त्यावर आपले एकमत समजा. मूल हजर असताना मुदत मागू नये, हे विजयनगरांचे म्हणणेही मी बारच्या सभेत मांडीन.

अर्जाबद्दल मात्र माझी शंका कायम आहे. साक्षीआधी माझा बचाव लेखी दिला, तर त्याची प्रत सरकारी वकिलांना मिळणार, त्यांच्याकडून ती फिर्यादी आईला कळणार, आणि मूल पिंजऱ्यात येईल तेव्हा प्रत्येक मुद्द्याचे उत्तर तयार असेल. आरोपीला दोष सिद्ध होईपर्यंत आपला बचाव उघड करण्याची सक्ती नाही. हा अर्ज बंद पाकिटात फक्त न्यायाधीशांपुढे ठेवता येत असेल आणि न विचारल्याचा अर्थ विरुद्ध काढणार नाही असा आदेश साक्षीआधी लेखी मिळत असेल, तर पुढच्या खटल्यात मी तसा अर्ज देऊन पाहीन. तो फेटाळला गेला, तर आता कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ (सर्किट बेंच) झाले आहे, तिथे हा प्रश्न नेता येईल. आदेश मिळेपर्यंत मात्र मला मुलालाच विचारावे लागेल.