वसतिगृहात मेनिंगोकॉकलचा रुग्ण: मुलांना घरी पाठवावे का?

गृहपाल, नागपूर
परवा रात्री आमच्या वसतिगृहातील एका विद्यार्थ्याला सणकून ताप भरला, मान आखडली आणि पहाटे पोटऱ्यांवर जांभळे ठिपके उठले. रुग्णालयाने आज मेनिंगोकॉकल मेनिन्जायटिसचे (मेनिंगोकॉकस जंतूमुळे मेंदूच्या आवरणाला येणारी सूज) निदान कळवले आहे. त्याच्या खोलीतील तिघेही एकाच बाटलीने पाणी पीत. मुलांना लगेच घरी पाठवून इमारतीत धूरफवारणी करावी, असा पालकांचा आग्रह आहे. मी काय करावे?

डॉक्टर, साथरोग सर्वेक्षण
कृपया आज कोणालाही पाठवू नका. मुले गोंदिया, गडचिरोलीकडे पांगली, तर औषध कोणाला मिळाले आणि कोणाचे राहिले याचा हिशेब लागणार नाही. महापालिकेच्या आरोग्य विभागाला आताच कळवा आणि हजेरीपट घेऊन यादीला बसा. आजार दिसण्यापूर्वीच्या 7 दिवसांत त्याच्या खोलीत राहिलेले, अभ्यासाला येऊन तिथेच झोपलेले आणि तो घरी गेला असल्यास घरचे, हे सर्व निकटचे संपर्क होत. बाटलीपेक्षा रात्रभराचा सहवास महत्त्वाचा आहे. मेसमध्ये दूर बसणारे सहसा यात येत नाहीत. या संपर्कांना प्रतिबंधक औषध शक्यतो 24 तासांत मिळावे. प्रौढांना बहुधा सिप्रोफ्लॉक्सासिन 500 मिलिग्रॅमची एकच मात्रा किंवा रिफॅम्पिसिन 2 दिवस देतात, मात्र निवड डॉक्टरांनीच करावी. हा जंतू माणसाच्या नाकाघशात राहतो आणि बाहेर फार काळ तगत नाही, म्हणून धूरफवारणीचा उपयोग नाही.

परिचारिका
औषध घेतलेल्यांवरही किमान 10 दिवस लक्ष ठेवा. ठिपक्यांवर काचेचा पेला दाबून पाहा. दाबूनही ते पुसट होत नसतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा. रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, हे मुलांना आधीच सांगा, नाहीतर ती घाबरून गोळ्या सोडतात.

गृहपाल, नागपूर
यादीत 11 नावे निघाली. त्यांतील एक मुलगा उमरेडला गेला होता, त्याच्याशी फोनवर बोललो असून त्याचे औषध तेथील डॉक्टरांकडून आजच दिले जात आहे. सर्वांना लसही द्यावी का?

डॉक्टर, साथरोग सर्वेक्षण
ते जंतूच्या गटावर, म्हणजे उपप्रकारावर, ठरेल. दिल्लीतील 2005 च्या साथीत ‘ए’ गट आढळला होता. ए, सी, वाय आणि डब्ल्यू या चार गटांवरची लस ‘बी’ गटाला अडवत नाही. शिवाय लसीचे संरक्षण तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा लागतो, त्यामुळे आधी औषध द्या. पाठीतील पाण्याच्या तपासणीत गट कोणता निघाला, ते रुग्णालयाला विचारून आरोग्य विभागाला कळवा.