अनुभव सांगा: चर्च सोडून गेलेल्यांच्या दारी

मी मूळचा वसईचा धर्मगुरू. सहा वर्षांपासून बव्हेरियात तीन गावांचा मिळून एक धर्मग्राम (पॅरिश) सांभाळतो. आपल्याकडचे बरेच फादर-सिस्टर्स आज युरोपात आहेत. आपल्याला सवय असते ती भरल्या चर्चमधून घरभेटीला निघण्याची. जर्मनीत मात्र २०२२ या एका वर्षात ५,२२,८२१ कॅथलिकांनी चर्चमधून नाव काढलं. अशा घराची बेल वाजवताना काय होतं, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनी लिहावं. आधी माझं सांगतो.

दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी एका आजींना ख्रिस्तप्रसाद द्यायला जातो. ८८ वर्षांच्या आहेत, अंथरुणाला खिळलेल्या. दार उघडतो त्यांचा मुलगा. लहानपणी तो वेदीसेवक होता. धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांचे अहवाल एकामागून एक आले तेव्हा त्याने चर्च सोडलं. पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुमच्यावर राग नाही, पण मला काही समजावू नका." काय समजावणार होतो? ज्यांनी ते झाकून ठेवलं त्यांच्यावर माझाही संताप आहे. तोच टेबलावर पांढरं कापड अंथरतो, क्रूस ठेवतो, मेणबत्ती लावतो आणि स्वयंपाकघरात निघून जातो. एकदा प्रभूची प्रार्थना म्हणताना 'फेअरझूखुंग', म्हणजे मोह, या शब्दावर माझी जीभ अडखळली. आतून त्याने तो शब्द सावकाश, नीट म्हणून दाखवला. आता दर वेळी मी तिथे जरासा थांबतो. तो आतून म्हणतो, मग आजी आणि मी पुढे जातो.

*

फादर, मी दाराच्या आतल्या बाजूचा. वसईहून नोकरीसाठी कोलोनजवळ आलो. पत्ता नोंदवताना फॉर्मवर धर्म विचारला होता, अभिमानाने 'रोमन कॅथलिक' लिहिलं. पगाराची पहिली स्लिप हातात पडली तेव्हा चर्च-कर म्हणजे काय ते कळलं: आयकराच्या ९ टक्के (तुमच्या बव्हेरियात ८). डोक्यावर घराचं कर्ज होतं. कोर्टात गेलो, ३० युरो भरले, नाव काढलं. मग चर्चचं पत्र आलं. साक्रामेंत, म्हणजे चर्चचे पवित्र विधी, घेता येणार नाहीत, कुणाचा धर्मपिता होता येणार नाही. तेव्हा बहिणीच्या बाळाचा बाप्तिस्मा महिन्यावर आला होता. मी रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. आईला अजून खरं माहीत नाही.

पुढे कुणाच्या तरी ओळखीने एक मराठी सिस्टर भेटायला आल्या. येताना आमच्या वसईतल्या आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, घेऊन आल्या, केळीच्या वाळक्या पानात घट्ट बांधलेली. ती गाठ सोडताना जो वास आला, त्याने मी रडलो. त्यांनी त्या फॉर्मचा विषयच काढला नाही. आईचे गुडघे कसे आहेत, बावखल (वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं) यंदा भरलं का, एवढंच. निघताना म्हणाल्या, "नाव परत लावायला काय करावं लागतं ते मला ठाऊक आहे. तू विचारशील तेव्हा सांगेन." अजून विचारलेलं नाही. रविवारी त्यांचा फोन मात्र चुकवत नाही.

*

मीही सिस्टर, वृद्धाश्रमात नर्स. नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगेन: इथे न कळवता जाऊ नका. आधी फोन, मग साडेतीनच्या कॉफीला जा, आणि केक पुढे केला तर खा. नोंदवहीची यादी हातात धरून दारात उभं राहू नका. मी एकदा उभी राहिले होते. बाईंनी स्वतःचं नाव वाचलं, त्यापुढची चर्च सोडल्याची खूण पाहिली आणि दार लावून घेतलं. पाच वर्षं झाली. दर नाताळात त्यांच्या पेटीत कार्ड टाकते. उत्तर आलेलं नाही.

*

माझा अनुभव छोटासा आहे. जानेवारीत, बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या वेशातली मुलं घरोघरी गातात आणि चौकटीवर खडूने आशीर्वादाची अक्षरं व नवं साल लिहितात. मी त्यांच्यासोबत जाते. यंदा एका नाव काढलेल्या घरी आम्ही बिचकतच बेल वाजवली. गृहस्थांनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. लिहिताना सर्वांत धाकट्या मुलीचा हात चौकटीपर्यंत पोचेना, तेव्हा ते आत गेले, स्टूल घेऊन आले आणि ती उतरेपर्यंत दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.