माळढोक अभयारण्यातून गावाला उत्पन्न कसं मिळेल?

उत्तरसोलापूरकर: सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक पक्ष्याचं अभयारण्य १९७९ पासून आहे. माळढोक आता क्वचितच दिसतो, पण काळवीट, लांडगा, धाविक (माळावर धावणारा पक्षी) आहेत. शेजारच्या गावांना यातून खरंच काय मिळू शकतं? गावच्या समितीनं अभयारण्यातल्या गवताचा लिलाव केला तर?

माळरान_वाचवा: लिलाव अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायदा, कलम २९: अभयारण्यातून परवानगीनं काढलेला वनोपज आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरताच, विक्रीला बंदी. परवानगी मिळालीच तर पवना, मारवेल ही चाऱ्याची गवतं बी झडल्यावर कापा. फुलोऱ्यातच कापलं तर बी पडत नाही आणि पुढं टोचऱ्या कुसळांचं कुसळी गवतच माजतं.

पैसा आहे तो पाहुण्यांमध्ये. आधी ग्रामसभेचा ठराव करून ग्राम परिस्थितीकीय विकास समितीसाठी (वनविभागासोबत काम करणारी गावकऱ्यांची समिती) वनविभागाकडं जा. हद्दीपासून २ किलोमीटरच्या आतलं गाव असेल तर श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची (जंगलालगतच्या गावांसाठीची सरकारी योजना) चौकशी त्याच फेरीत करा.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तेव्हा भोवत्या हे शिकारी पक्षी थंडीच्या मुक्कामाला असतात आणि सांजेला गवतात उतरतात. डिसेंबर-जानेवारीत हुरडा, त्यामागून नान्नजची द्राक्षं. सकाळी माळ, दुपारी भाकरी-शेंगाचटणी, संध्याकाळी पुन्हा माळ, असा दिवस आखला तर माणूस मुक्कामाला राहतो आणि पैसा गावात थांबतो. उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणकडं मच्छीमारांनी हेच केलं: नाव त्यांची, वाटाडे तेच, जेवण त्यांच्या घरी.

बिघडतं ते गाडीमुळं. चांगला फोटो मिळावा म्हणून चालक वाट सोडून काळविटामागं जातो, कळप बुजतो आणि ती जागाच टाकतो. पावसाळ्यात तर पाहुणे नेऊच नका. माळढोक तेव्हाच जमिनीवर, बहुधा एकच अंडं घालतो.

गिरीपुष्प_नको: आणखी एक. "ओसाड आहे, झाडं लावू" म्हणत माळावर गिरीपुष्प, सुबाभूळ लावू देऊ नका. सावलीत गवत मरतं, आणि उघड्या माळावरचे पक्षी तिथं राहत नाहीत. मग पाहुण्याला दाखवणार काय?

मेंढपाळमित्र: धनगरांना यात धरा. लांडग्याची ये-जा त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नसते, वाटाडे म्हणून पहिला मान त्यांचा. शेळी-मेंढी मारली गेली तर भरपाई बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा १५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला कळवा. पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका. बहुतेक दावे इथंच अडकतात, कारण वास सुटेल म्हणून लोक आधीच पुरून टाकतात.