शब्दचर्चा : ओळखणं, आठवणं आणि 'जनुक-अभिव्यक्ती'

गोदाकाठचा मास्तर : अकरावीच्या मुलांसाठी मेंदूवर टिपण लिहितोय. 'रेकग्निशन मेमरी'ला 'ओळख-स्मृती' लिहिलं, तर आमच्या बाई म्हणाल्या, ओळख म्हणजे स्मृतीच की, दोनदा कशाला? आणि 'जीन एक्स्प्रेशन'साठी लिहिलेलं 'जनुक-अभिव्यक्ती' वाचून एका कार्ट्याने विचारलं, "सर, जनुकं कविता करतात?"

अनुस्वार : बाईंचं पटलं नाही. मेनरोडवर समोरून कुणी येतं, चेहरा ओळखीचा, नाव काही केल्या आठवत नाही, आपण "काय, बरंय ना?" म्हणून सटकतो. ओळखायला वस्तू समोर लागते, आठवायला नाही. आपल्या दर्शनशास्त्रांत अशा ओळखण्याला 'प्रत्यभिज्ञा' म्हणतात. 'सोऽयं देवदत्तः', तोच हा देवदत्त.

गोदाकाठचा मास्तर : प्रत्यभिज्ञा फळ्यावर लिहिली की अर्धा वर्ग झोपेल.

पेशीवाली : ओळख-स्मृतीच ठेवा. उंदरांवरची चाचणी सांगा, मुलांना आवडेल. दोन सारख्या वस्तू हुंगू द्यायच्या, मग त्यातली एक बदलायची. जुनी ओळखली तर उंदीर नव्यापाशी जास्त घुटमळतो. 'झिफ-२६८' हे जनुक नसलेले उंदीर १० मिनिटांनी वस्तू बरोबर ओळखतात. २४ तासांनी मात्र जुनी-नवी त्यांना सारखीच. म्हणजे तात्पुरती ओळख या जनुकावाचूनही होते. ती टिकवायची तर मेंदूतल्या चेतापेशीत हे जनुक चालू व्हावं लागतं, म्हणजेच त्याची अभिव्यक्ती व्हावी लागते. त्यापासून बनणारं प्रथिन पुढे इतर जनुकं चालू-बंद करतं.

जुनं नाशिक : पंचवटीत तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या, म्हणजे यजमान घराण्यांच्या नोंदवह्या, असतात ना, तसंच. वह्या ढीगभर, पण यजमानाने गाव-आडनाव सांगितलं की नेमकं तेवढंच पान उघडतं. मग 'जनुक-वाचन' का नको?

पेशीवाली : उपमा झकास, पण शब्द फसवा. जनुकक्रम 'वाचणं' हे वेगळंच काम आहे. शिवाय पान वाचून भागत नाही, नक्कल उतरवून तिच्यावरून प्रथिन बनेपर्यंतचं सगळं यात येतं.

अनुस्वार : मग अभिव्यक्तीच बरी. कवितेचा अर्थ तिला नंतर चिकटला. मूळ अर्थ प्रकट होणं. अव्यक्त होतं ते व्यक्त झालं. पेशीत दडलेली माहिती प्रथिनाच्या रूपाने प्रकट होते, बस्स.

गोदाकाठचा मास्तर : हे त्या कार्ट्याला सांगतो. आणि ती १० मिनिटांची ओळख? 'तोंडओळख' म्हणू?

पेशीवाली : उंदराच्या बाबतीत नाकओळख म्हणा.