पी ०१३५ कोड पुन्हा पुन्हा येतो, ऑक्सिजन सेन्सर बदलावा का?

प्रश्न (नागपूर, वर्धा रोड): पेट्रोल कार, ९० हजार किमी. चेक इंजिन लाइट लागते, कोड पी ०१३५. मिटवला की दोन दिवसांत परत. अॅव्हरेजही कमी झालंय.

उत्तर १: भाऊ, हा कोड सेन्सरच्या (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) हीटर सर्किटचा, म्हणजे सेन्सर गरम करणाऱ्या वायरिंगचा आहे, कॅटच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या) आधीच्या सेन्सरचा. आधी फ्यूज बघा. मग सेन्सरच्या वायरचा प्लग (कनेक्टर) काढून, इंजिन थंड असताना, सेन्सरच्या बाजूच्या एकाच रंगाच्या दोन वायरींत (बहुतेकदा पांढऱ्या) ओहम मोजा. साधारण ५ ते १५ आले तर हीटर ठीक. मीटर अनंत (ओएल) दाखवत असेल तर हीटर तुटलाय, सेन्सर बदला. हीटर ठीक असेल तर इंजिन चालू करून हार्नेसकडे (गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या बाजूला) १२ व्होल्ट येतात का बघा. सायलेन्सरला चिकटून वितळलेली वायर बऱ्याचदा सापडते.

उत्तर २: सेन्सर काढताना इंजिन कोमट ठेवा, आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून अर्धा तास थांबा, २२ मिमीचा, वायर जायला खाच असलेला सॉकेट लावा. ओढाताण केली तर बंगचे (पाइपवरच्या, सेन्सर बसतो त्या खोबणीचे) आटे जातात आणि खर्च दुप्पट. नव्याच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं ग्रीस) नसेल तरच लावा, टोकाला अजिबात नको. सिलिकॉन तर जवळपासही नको, त्याने सेन्सर मरतो. टॉर्क मॅन्युअलप्रमाणे, बहुधा ४०-५० न्यूटन मीटर.

उत्तर ३: कोड पी ०१७१ (मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असता तर सेन्सरला दोष देण्याआधी इनटेक मॅनिफोल्डची (इंजिनला हवा नेणाऱ्या नळ्यांची) गळती तपासावी लागली असती. बाहेरची हवा आत शिरली की चांगला सेन्सरही मिश्रण पातळ असल्याचं सांगतो.