मदत हवी आहे: डाव्या आयजेव्हीतली (मानेतल्या मोठ्या शिरेतली) सेंट्रल लाइन (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) डावीकडूनच खाली उतरली आहे, ही डावी एसव्हीसी (डोक्याचं आणि हातांचं रक्त हृदयात आणणारी मोठी शीर, सहसा फक्त उजवीकडे असते) असेल का?

रुग्ण आयसीयूत आहे. सोनोग्राफीखाली डाव्या आयजेव्हीतून ट्रिपल ल्युमेन (तीन पोकळ्यांची) लाइन टाकली. वायर कुठे अडली नाही, तिन्ही ल्युमेनमधून रक्त सहज येतं. एक्स-रेत मात्र कॅथेटर (ही नळी) मध्यरेषा न ओलांडता हृदयाच्या डाव्या कडेने सरळ खाली गेलेला दिसतो. जुन्या इकोच्या रिपोर्टात 'कोरोनरी सायनस मोठा' (हृदयाच्या स्नायूचं रक्त उजव्या कर्णिकेत नेणारी शीर) एवढाच शेरा आहे. पूर्ण हार्ट ब्लॉक आहे (कर्णिकांचा विद्युत संदेश निलयांपर्यंत पोचत नाही), म्हणजे पुढे पेसमेकर लागणारच. लाइन वापरावी का, आधी कोणती तपासणी करावी आणि पेसमेकर कुठल्या बाजूने बसवावा?

प्रतिसाद १

लाइन आत्ता ओढू नका, आणि तिच्यातून काही सोडूही नका. अंदाज बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. पण उतरत्या महाधमनीत शिरलेली लाइनही एक्स-रेत अगदी अशीच दिसते, म्हणून आधी धमनी वगळा. लाइनला ट्रान्सड्यूसर (दाब मोजणारं साधन) जोडून दाबाचा आलेख बघा. त्याच वेळी लाइनमधून एक आणि मनगटाच्या धमनीतून एक असे दोन ब्लड गॅस (रक्तातल्या ऑक्सिजनची तपासणी) पाठवा. रुग्ण शॉकमध्ये असेल किंवा ऑक्सिजनवर असेल तर एकट्या नमुन्याचा रंग आणि आकडा दोन्ही फसवतात. दोन नमुने शेजारी ठेवले की घोटाळा होत नाही. धमनीत निघालीच तर जागेवरच काढून दाबत बसू नका, रक्तवाहिन्यांच्या सर्जनला बोलवा. तोवर औषधं उजव्या हाताच्या शिरेतून चालू ठेवा.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादात एक भर. ब्लड गॅस शिरेचा आला तर लाइन शिरेत आहे एवढंच कळतं. ती शीर पुढे कुठे उघडते हे त्यावरून कळत नाही, आणि खरा धोका तिथेच आहे.

गर्भात डावीकडची पुढची कार्डिनल शीर आकसून जाते. ती राहिली की डावी एसव्हीसी. सर्वसाधारण लोकांत १००० पैकी ३ ते ५ जणांत ती सापडते, जन्मजात हृदयदोष असणाऱ्यांत बरीच जास्त. दहापैकी सुमारे नऊ वेळा ती कोरोनरी सायनसमधून उजव्या कर्णिकेत उघडते. सगळं रक्त योग्य कप्प्यात जातं, त्यामुळे त्रास काहीच नसतो; फक्त सायनस फुगलेला दिसतो. उरलेल्यांत ती डाव्या कर्णिकेत उघडते. मग डाव्या हातातल्या सलाइनमधली हवा किंवा गुठळी थेट मेंदूकडे जाऊ शकते.

धमनी वगळल्यावर बबल टेस्ट (बुडबुडे सोडून ते कुठे जातात हे इकोवर बघणं) करा. १० मिलीच्या दोन सिरिंज थ्री-वेला (तीन तोंडांच्या जोडणीला) जोडा, ९ मिली सलाइन आणि १ मिली हवा घुसळा, डोळ्यांना दिसणारी हवा काढून टाका आणि लाइनमधूनच सोडा. डाव्या हातातून सोडल्यास दोन्ही एसव्हीसींना जोडणारी आडवी शीर मोठी असेल तर बुडबुडे उजवीकडे निघून जातात आणि टेस्ट चुकते. आधी कोरोनरी सायनस भरला, मग उजवी कर्णिका, तर ठीक. डावी कर्णिका आधी भरली तर लाइन वापरू नका, आणि डाव्या हाताच्या प्रत्येक सलाइनला हवा अडवणारा फिल्टर लावा.

यानंतर हीच टेस्ट उजव्या हातातून करायला विसरू नका. बहुतेक ठिकाणी हीच पायरी गाळली जाते.

धागाकर्ता

आलेख शिरेचा आहे आणि दोन्ही नमुन्यांत फरक स्पष्ट आहे. लाइनमधून सोडल्यावर आधी कोरोनरी सायनस, मग उजवी कर्णिका. उजव्या हातातूनही आधी कोरोनरी सायनसच भरला! डावी कर्णिका कोरी राहिली.

प्रतिसाद २

म्हणजे उजवी एसव्हीसी बहुधा नाहीच. डोक्याचं आणि दोन्ही हातांचं सगळं रक्त या एकाच वाटेने येतं आहे. सीटीवर खात्री करून घ्या. लाइन वापरता येईल, पण टोक कोरोनरी सायनसच्या बरंच वर हवं. आत असेल तर मागे घ्या. सायनसमध्ये टोक टेकत राहिलं तर ठोके बिघडतात, गुठळी होते, भिंत फाटून टॅम्पोनाडही (हृदयाभोवती रक्त साचून हृदय दाबलं जाणं) होऊ शकतो.

प्रतिसाद ३

पेसमेकरबद्दल. तात्पुरती पेसिंग वायर मांडीच्या शिरेतून घाला, वरून प्रयत्न नको. कायमस्वरूपीसाठी उजवी बाजू निवडून इथे फायदा नाही, कारण तिथूनही लीडला (पेसमेकरच्या तारेला) फिरून याच सायनसमधून यावं लागेल. डावीकडून लीड सायनसच्या तोंडातून बाहेर पडते तेव्हा ट्रायकस्पिड झडपेकडे पाठ करून असते. स्टायलेटला (लीडच्या आतल्या ताठ तारेला) मोठा बाक देऊन लीड उजव्या कर्णिकेच्या बाहेरच्या भिंतीवर टेकवायची आणि वळसा घालून झडपेतून उतरवायची. नेहमीपेक्षा लांब आणि स्क्रूची लीड मागवा, नुसती अडकवायची लीड सुटून येते. जमलं नाही तर सायनसच्या फांदीतून डावं निलय पेस करणं किंवा मांडीतून लीडलेस (तारेविना) पेसमेकर हे पर्याय आहेत. उजवी एसव्हीसी नसलेल्यांत सायनस नोडही (हृदयाचे ठोके सुरू करणारं केंद्र) अनेकदा दुबळा असतो, तेव्हा कर्णिकेचं पेसिंग लागेल का हे आधीच ठरवा.

प्रतिसाद ४

केसपेपरवर ठळक लिहून ठेवा: 'उजवी एसव्हीसी नाही, डावी बांधू नये.' पुढे कधी ओपन हार्ट शस्त्रक्रिया झाली तर रेट्रोग्रेड कार्डिओप्लेजिया (हृदय थांबवणारं, शिरेच्या बाजूने उलटं सोडलेलं द्रावण) सायनसमधून डाव्या शिरेत वर निघून जाईल, हृदयाच्या स्नायूला पुरेशी पोचणार नाही. ती महाधमनीच्या बाजूनेच द्यावी लागेल, आणि बायपाससाठी (हृदय-फुफ्फुस यंत्रासाठी) या शिरेत वेगळी कॅन्युला (नळी) लागेल. डिस्चार्ज कार्डावरही हेच लिहा, रुग्णाला समजावून सांगा.