सिंहस्थाआधी ‘स्मार्ट सिग्नल’ मागायचे आहेत, निवेदनात नेमकं काय लिहू?

मखमलाबादकर

नमस्कार. नाशिकमधल्या आमच्या रहिवासी संघाने वाहतुकीबद्दल महापालिका आणि वाहतूक शाखेला निवेदन द्यायचं ठरवलंय. मसुदा लिहायचं काम माझ्याकडे आलं. बैठकीत सगळ्यांचा सूर एकच होता: गर्दीप्रमाणे आपोआप वेळ बदलणारे सिग्नल बसवा, परदेशात असतात तसे. मी शाळेत गणित शिकवते, या क्षेत्रातली नाही. पण द्वारका चौकात संध्याकाळी मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता एकमेकांत अडकलेले रोज बघते, आणि अशा प्रणाली तिथे टिकतील का ही शंका मनातून जात नाही. २०२७ च्या पर्वण्या आल्या की घाईघाईत खरेदी होईल. पैसा एकदाच मिळणार असेल तर पहिली मागणी कशाची करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगा.

जुना सिग्नलवाला

ताई, सिग्नल बसवणं आणि दुरुस्त करणं हाच माझा आयुष्यभराचा धंदा. आता निवृत्त होऊन सिडकोत असतो. शंका मनात आली ते बरं झालं, तिला धरूनच मसुदा लिहा.

जगात ज्या दोन प्रणालींची नावं सगळे घेतात, इंग्लंडची स्कूट आणि सिडनीची स्कॅट्स, त्या दोन्ही १९७० च्या दशकातल्या. दोन्हींचा पाया म्हणजे रस्त्यात पुरलेलं तारेचं वेटोळं, आम्ही त्याला लूप म्हणतो. वरून गाडी गेली की लूपला तिचा धातू जाणवतो आणि कंट्रोलरला, म्हणजे दिवे चालवणाऱ्या यंत्राला, गाडी आल्याचं कळतं. यात गाड्या लेनमध्ये, एकामागे एक येतील असं धरलेलं असतं. आपल्याकडे दोन लेनच्या जागेत चार रांगा लागतात आणि उरलेल्या फटीत दुचाकी घुसतात. म्हणून तिरुअनंतपुरमच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने आपल्या मिश्र वाहतुकीसाठी कॉसिकॉस्ट नावाची वेगळी पद्धत बनवली. म्हणजे तंत्र आपल्याकडे आहे, ती अडचण नाही.

अडचण डांबराची आहे. लूप वरच्या थरातच असतो. पाण्याची लाइन, गॅसची पाइप, केबल, काहीही टाकायला रस्ता खोदला की तो तुटतो. रस्ता खरवडून नवा केला तरी जातो. तुटला की कंट्रोलर मुकाट्याने ठरलेल्या जुन्या वेळेवर चालायला लागतो. दिवे लागतात, हिरवा-लाल होतो, त्यामुळे कोणी तक्रारही करत नाही. एका शहरात (नाव घेत नाही) रस्ता नव्याने झाला आणि अख्ख्या मार्गावरचे लूप गेले. ते परत टाकण्याची तरतूद ना रस्त्याच्या निविदेत होती, ना सिग्नलच्या. कोट्यवधींची यंत्रणा साध्या घड्याळासारखी चालत राहिली. मला अजूनही त्याचा त्रास होतो, कारण ते लूप आम्ही फार निगुतीने टाकले होते.

आता तुमच्या विषयाकडे येतो. सिग्नलची एक पूर्ण फेरी (सगळ्या बाजूंना एकदा हिरवा मिळायला लागणारा वेळ) किती सेकंदांची असावी यासाठी वेबस्टरचं १९५८ चं सूत्र आजही वापरतात: फेरी = (१.५ ल + ५) ÷ (१ − य). ‘ल’ म्हणजे एका फेरीत दिवा बदलताना फुकट जाणारे सेकंद. चार बाजूंना प्रत्येकी चार धरले तर १६. ‘य’ म्हणजे चौफुलीच्या क्षमतेपैकी किती भाग भरला तो. य ०.६ असेल तर फेरी येते साधारण ७३ सेकंद. ०.८ ला १४५. ०.९ ला २९० सेकंद, म्हणजे जवळपास पाच मिनिटं. तितकं कोणी थांबत नाही, लोक सिग्नल तोडतात.

क्षमता ठरते रुंदीवरून. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड काँग्रेसचा ढोबळ हिशेब आहे की हिरव्या दिव्याच्या तासाला, मीटरमागे ५२५ मोटारींएवढी वाहतूक. चौफुलीचं तोंड, म्हणजे सिग्नलपाशी रस्त्याची एक बाजू, आठ मीटर रुंद असेल तर ४२००. त्यातले दोन मीटर उभ्या रिक्षा, हातगाड्या आणि डबल पार्किंगने खाल्ले की उरतात ३१५०, चौथा भाग गेला. सगळ्या बाजूंना असंच असेल तर ०.६ चा ‘य’ ०.८ होतो आणि फेरी दुप्पट. हे कोणतंही सॉफ्टवेअर भरून काढू शकत नाही. त्याच्या हातात फक्त हिरव्या दिव्याचे सेकंद असतात, रस्त्याचे मीटर नसतात.

म्हणून पहिली मागणी ही लिहा: चौफुलीच्या तोंडापासून काही अंतर मोकळं, आणि रिक्षावाल्यांना त्याच रस्त्यावर थोडं पुढे आखून दिलेला थांबा. नुसतं हाकलू नका, त्यांचं पोट आहे आणि प्रवाशांनाही रिक्षा लागते.

कॉलेजरोड_इंजिनिअर

काका, लूपचा जमाना गेला. आता कॅमेरे मोजतात, रस्ता फोडावा लागत नाही.

जुना सिग्नलवाला

बरोबर आहे, आज घ्यायचं तर मीही कॅमेराच घेईन. पण पावसाळ्यात काचेवर पाणी, उन्हाळ्यात धूळ, वाढलेली झाडाची फांदी, बसमागे झाकलेल्या दुचाकी हे सगळं त्यालाही आहे. काच पुसायला माणूस आणि शिडीची गाडी लागते. पाच-सात वर्षांच्या देखभालीचे पैसे मूळ निविदेतच असावेत, आणि यंत्रणा बंद असेल त्या दिवसांचं बिल कापलं जावं, ही दुसरी मागणी.

अंबड_सेकंड_शिफ्ट

चर्चा सगळी गाड्यांची चाललीये म्हणून बोलतो. मी बसने कामावर जातो. थांब्यावर उभ्या माणसाला एवढंच हवं असतं की बस किती वेळात येईल, म्हणजे नसेल तर शेअर रिक्षा धरता येते. मैसूरमध्ये २०१२ मध्येच जागतिक बँकेच्या मदतीने शहर बसला जीपीएस आणि थांब्यावर वेळ दाखवणाऱ्या पाट्या लागल्या. नैरोबीत खासगी मिनीबसचे मार्ग कागदावर कुठेच नव्हते. विद्यापीठाच्या मुलांनी फोन घेऊन बसमधून फिरून ते टिपले आणि २०१४ मध्ये सगळ्यांसाठी खुला नकाशा काढला. नाशिकच्या शेअर रिक्षांचे मार्ग असे टिपले तर? निमाणी, शालिमार, सातपूर, सगळ्यांना तोंडपाठ आहेत, पण लिहिलेले कुठेच नाहीत. पर्वणीला बाहेरून येणाऱ्याला कसं कळणार?

आणि पायी चालणारे विसरू नका. पर्वणीला रामकुंडाकडे शेवटचा टप्पा सगळे चालतच जातात. २०१५ च्या सिंहस्थात नाशिकच्याच एका मुलाच्या गटाने पावलं मोजणारी चटई बनवून रस्त्यावर टाकली होती. मोजायचं तर माणसंही मोजा.

मखमलाबादकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फेरीचं गणित मी स्वतः करून पाहिलं, ०.६ ते ०.८ चा फरक पाहून धक्का बसला. मसुद्यात क्रम असा ठेवते: चौफुलीचं तोंड आणि रिक्षा थांबे, मग थांब्यावर बसची वेळ आणि शेअर रिक्षांचा नकाशा, पादचाऱ्यांची मोजणी, आणि सिग्नल घ्यायचेच तर देखभालीसकट. एक विचारायचं होतं. नववीच्या मुलांना घेऊन आमच्याच चौफुलीवर मोजणी केली तर निवेदनाला वजन येईल का? कशी करू?

जुना सिग्नलवाला

नक्की येईल. मंगळवार किंवा बुधवार धरा, सणवार टाळा. मुलांना फुटपाथवर किंवा एखाद्या गच्चीवर बसवा, रस्त्याच्या कडेला नको. दर पंधरा मिनिटांना नवी ओळ. प्रत्येक बाजूला दोघं, एक दुचाकी-रिक्षांना, दुसरा बाकी सगळ्यांना. डावीकडे वळणारे वेगळे लिहा, ते बहुतेक वेळा सिग्नलला थांबतच नाहीत. ओलांडणाऱ्या माणसांसाठी आणखी एक मुलगी ठेवा. आणि मोजणीआधी प्रत्येक बाजूच्या तोंडाची रुंदी टेपने मोजून घ्या, एकदा मोकळी आणि एकदा संध्याकाळी जितकी उरते तितकी. कागद तयार झाले की इथे टाका, हिशेब मी करून देतो.